गाभोळी सुटण्याआधी

कोकण किनाऱ्यावर ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात, त्याच कुळातला सर्वांत थोरला मासा म्हणजे अटलांटिक महासागरातला ब्लूफिन ट्युना. लांबी दोन-अडीच मीटर, वजन दोन-तीनशे किलो आणि आयुष्य पस्तीस वर्षांच्या घरात! मोठी मादी एका हंगामात एक कोटीहून अधिक अंडी सोडते. मग असा मासा समुद्रातून नाहीसा होण्याच्या वाटेला का लागावा?

अंडे असते जेमतेम एक मिलिमीटरचे. पाणी उबदार झाले, की मादी रात्रीच्या वेळी उघड्या समुद्रात गाभोळी सोडते आणि नर तेथेच शुक्रबीज सोडतात. ना घरटे, ना राखण. दोनएक दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि बहुतेक सगळी दुसऱ्यांच्या पोटात जातात. म्हणून मादीने वर्षानुवर्षे अंडी घातली, तरच वंश टिकतो. लक्षद्वीपचे मच्छीमार गळाने धरतात तो स्किपजॅक ट्युना वर्ष-दीड वर्षातच वयात येतो आणि उष्ण समुद्रात बारमाही अंडी घालतो. भूमध्य समुद्रातल्या ब्लूफिनला मात्र त्यासाठी चारएक वर्षे लागतात. तोवर तिचे वजन २५ ते ३० किलो झालेले असते.

घात झाला तो विणीच्या जागीच. मे ते जुलै या काळात बॅलेअरिक बेटांजवळ आणि अशाच मोजक्या ठिकाणी हे मासे थव्याने जमतात. तेथे पर्ससीन जाळे टाकले, की अख्खा थवा हाती लागतो. जिवंत मासे पिंजऱ्यात नेऊन पुष्ट करायचे आणि जपानला पाठवायचे, असा धंदाच सुरू झाला. एकदाही न व्यालेल्या कोवळ्या माद्याही इतरत्र सर्रास पकडल्या जात.

अखेर २००६ मध्ये अटलांटिक ट्युनाच्या संरक्षणासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ३० किलोंहून लहान मासा पकडण्यास मनाई केली. काहींना सूट मिळालीच, पण पर्ससीनचा हंगामही आखडला. भूमध्य समुद्र व पूर्व अटलांटिकसाठी २०१० चा कोटा १३,५०० टनांवर आणला गेला. कोवळ्या माद्यांना एकदा तरी अंडी घालण्याची उसंत मिळाली आणि संख्या वाढू लागली. २०११ मध्ये संकटग्रस्त ठरलेला ब्लूफिन २०२१ मध्ये त्या यादीतून बाहेर पडला. २०२३ साठीचा कोटा तर ४०,५७० टनांचा होता.

अटलांटिकच्या पलीकडे, मेक्सिकोच्या आखातात अंडी घालणाऱ्या ब्लूफिनचे मात्र तितकेसे बरे चाललेले नाही. त्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या मानाने निम्म्याहूनही कमी भरली आहे.