गुलाबी पाकट

मत्स्यशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. मी पडलो मराठीचा मास्तर. माशांशी माझा संबंध ताटापुरता. तरीही दूर ऑस्ट्रेलियातल्या एका माशाची हकीकत वाचकांच्या कानी घातल्यावाचून राहवत नाही.

तेथील 'ग्रेट बॅरिअर रीफ' या प्रवाळरांगेच्या दक्षिण टोकाला लेडी इलियट नावाचे चिमुकले बेट आहे. त्याच्याभोवती मांटा जातीचे प्रचंड पाकट मासे विहरतात. पाठ काळी नि पोट पांढरे, हा त्यांचा नेहमीचा वेश. २०१५ साली त्यांच्यात एक नर आढळला. रुंदी सुमारे ११ फूट आणि पोट चक्क गुलाबी! 'पिंक पँथर' चित्रपटातल्या गुप्त पोलिसावरून त्याचे नाव पडले इन्स्पेक्टर क्लूसो.

शास्त्रज्ञांना प्रथम संशय आला रोगाचा, नाहीतर आहाराचा. आपल्या शिवडीच्या खाडीवर येणारे रोहित पक्षी खाण्यातल्या रंगद्रव्यानेच गुलाबी होतात ना! पण २०१६ साली त्याच्या त्वचेचा तुकडा तपासला आणि दोन्ही संशय फिटले. आता तर्क असा, की हा जन्मजात जनुकांचा खेळ असावा. स्वारीची प्रकृती ठणठणीत!

त्याच प्रवाळरांगेत, हेरन आणि वन ट्री या बेटांजवळ, कोरल ट्राउट माशांच्या अंगावर काळे डाग दिसले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १३६ माशांपैकी २० जणांवर ते होते. हे डाग मात्र निघाले त्वचेच्या कर्करोगाचे.

म्हणजे एक रंग निरुपद्रवी, दुसरा घातकी. आणि नुसत्या डोळ्यांनी निवाडा होत नाही. तपासावे लागते.

आमच्या घरांत निवाडा आधी होतो! अंगावरचा तीळ वाढू लागला, रंग बदलू लागला, तरी 'भाग्याचा तीळ' म्हणून त्याचे कौतुक. डॉक्टरांकडे कोणी जात नाही. आणि कोड स्पर्शाने पसरत नाही, हे डॉक्टर कंठरवाने सांगत असताना मुलीची कपबशी वेगळी ठेवली जाते, आलेली स्थळे आल्या पावली परततात. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी गेली दोन वर्षे भर वैशाखात मनगटापर्यंत बाह्या ओढून बसते. तिने हात वर करून प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

क्लूसोचे नशीब थोर. २०२० साली त्याचे छायाचित्र निघाले, तेव्हा तो इतर नरांबरोबर एका मादीच्या पाठोपाठ पोहत होता. रंगावरून त्याला कोणी रांगेबाहेर काढले नव्हते.