विश्लेषण : ‘छोरी २’ घाबरवण्यात कमी का पडतो?

मराठी ‘लपाछपी’पासून सुरू झालेल्या भयकथेचा पुढचा भाग थेट घरच्या पडद्यावर आला. भुयारे वाढली, भीती मात्र घटली. असे का झाले?

मूळ चित्रपट कोणता?

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ जुलै २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. गरोदर नेहा (पूजा सावंत), उसाच्या फडातले एकाकी घर आणि आसरा देणारी बाई (उषा नाईक), एवढ्या भांडवलावर त्यांनी स्त्रीभ्रूणहत्येची गोष्ट सांगितली. त्यांनीच केलेला हिंदी ‘छोरी’ २६ नोव्हेंबर २०२१ रोजी अॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला. ‘छोरी २’ही तिथेच, ११ एप्रिल २०२५ रोजी आला.

दुसरा भाग कुठे घसरला?

साक्षी (नुसरत भरुचा) आता सात वर्षांच्या मुलीची आई आहे. मुलगी पळवली जाते आणि गोष्ट भुयारात शिरते. तिथे दासी माँ (सोहा अली खान) आणि मुलींचा बळी मागणारा ‘प्रधान’ आहे. बालविवाहाचा विषय महत्त्वाचाच. पण तो प्रसंगांपेक्षा संवादांतूनच जास्त बजावला जातो. दासीची शक्ती कुठवर चालते, हे स्पष्ट होत नाही. त्यामुळे साक्षी खरोखर कधी संकटात आहे, हेही उमगत नाही.

दोष मोबाइलचा तर नाही?

थोडा आहे. इंटरनेटवरून पाठवताना व्हिडिओचा आकार कमी केला जातो, तेव्हा काळोखातल्या बारीक छटा एकमेकींत मिसळतात. डेटा वाचवण्याची सोय सुरू असेल तर अंधाराचे चौकोनी ठोकळे दिसतात. मोबाइलच्या लहान स्पीकरमधून खर्जातला आवाज नीट येत नाही. पण ‘छोरी’ही अनेकांनी याच पडद्यावर पाहिला आणि तिथे उसाचा फड अंगावर आला होता. खरी अडचण पटकथेत आहे.

तरी असे सिक्वेल का येतात?

चित्रपटगृहात फसलेला सिनेमा दुसऱ्या आठवड्यात उतरतो. घरी वर्गणी आधीच भरलेली असते. ओळखीचे नाव दिसले की बोट पडते. चित्रपट अर्ध्यावर सोडणे, एवढीच नापसंती प्रेक्षकाच्या हाती उरते.

आर्वीकरांनी याचा विचार का करावा?

‘छोरी’ येऊन दोन महिनेही झाले नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये अल्पवयीन मुलीच्या बेकायदा गर्भपाताच्या तक्रारीचा तपास करताना पोलिसांना आर्वीतील एका खासगी रुग्णालयाच्या आवारातील बायोगॅसच्या खड्ड्यात ११ कवट्या आणि ५४ हाडे सापडली. ते प्रकरण वेगळे, चित्रपटाची गोष्ट वेगळी. पण ती बातमी वाचून हादरलेल्या गावाला घाबरायला भुयारातला राक्षस लागत नाही.

‘लपाछपी’त मुलींचा जीव घरचीच माणसे घेत होती, म्हणून प्रेक्षकाला आपल्या आसपास पाहावे लागले. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदाही माणसांसाठीच करावा लागला. ‘छोरी २’ने बराचसा दोष राक्षसाच्या माथी मारला आणि माणसांना सोडून दिले. दुसरा भाग फसला तो इथे.