नर्सबाईंना डॉक्टर व्हायचे आहे

गेल्या वर्षी चार महिने मी एका मैत्रिणीच्या कागदपत्रांच्या मागे फिरत होते. ती परिचारिका आहे. जनरल नर्सिंगचा डिप्लोमा तिने आपल्याकडेच केला, सरकारी दवाखान्यात नोकरी केली, नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बी.एस्सी. झाली आणि लग्नानंतर काही वर्षांनी अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. तिथे तेरा वर्षे वॉर्डात काढल्यावर तिने ठरवले, नर्सिंगमधली डॉक्टरेट करायची. अर्जाबरोबर आजवरच्या प्रत्येक शिक्षणसंस्थेची गुणपत्रके लागतात आणि ती संस्थेने स्वतःच पाठवावी लागतात. ती तिकडे, संस्था इकडे. म्हणून मी.

पहिल्याच खिडकीवर गाडी अडली ती नावापाशी. डिप्लोम्यावर तिचे माहेरचे नाव होते. लग्नात तांदळात लिहून सासरच्यांनी पहिले नाव बदलले, मधले नाव नवऱ्याचे झाले, आडनाव त्यांचे आले. तीन शब्दांतला एकही शब्द शिल्लक राहिला नाही. "डिप्लोमावाली बाई आणि ही बाई एकच, हे कशावरून?" कारकुनाने विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता. चूक होती ती लग्नाच्या मांडवातच झाली होती, आणि तेव्हा आम्ही मैत्रिणी हसत उखाणे घेत होतो! विवाह नोंदणीचा दाखला झाला, प्रतिज्ञापत्र झाले, राजपत्रातली नोंद शोधून झाली. तरी "तिचे मिस्टर येऊन सही देतील का?" हे ऐकावे लागलेच. शिक्षण तिचे, परीक्षा तिच्या, रात्रपाळ्या तिच्या, आणि ओळख पटवायला मिस्टर. तिच्या मिस्टरांना मात्र त्यांच्या इंजिनिअरिंगच्या कागदांसाठी असले काही करावे लागले नव्हते. त्यांचे नाव जन्मापासून एकच आहे. परदेशी जाताना पहिल्या वेळी हे सगळे एका एजंटने केले होते. त्याने नेमके काय केले ते तिला आजही माहीत नाही, घेतलेले पैसे मात्र पक्के माहीत आहेत.

आता ही डॉक्टरेट म्हणजे काय, ते थोडे सांगते, कारण मलाही आधी ठाऊक नव्हते. तिचे नाव 'डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस'. ही पीएच.डी. नव्हे. पीएच.डी. करणारी संशोधन करून नवे ज्ञान मांडते आणि बहुधा पुढे शिकवते. ही पदवी रुग्णापाशीच राहू इच्छिणाऱ्या परिचारिकेसाठी आहे. असलेले ज्ञान वॉर्डात, दवाखान्यात, वस्तीत कसे उतरवायचे, पद्धत कशी बदलायची आणि बदलल्याने रुग्णाचे काय झाले हे कसे मोजायचे, यावर तिचा भर असतो. प्रबंधाऐवजी प्रत्यक्ष कामातला एक प्रकल्प असतो, आणि बी.एस्सी.नंतर किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते. असा पहिला अभ्यासक्रम केंटकी विद्यापीठात २००१ साली सुरू झाला. नर्सिंग महाविद्यालयांच्या तिथल्या संघटनेने २००४ साली ठरवले की २०१५ पर्यंत वरच्या पातळीवरच्या परिचारिकांचे शिक्षण डॉक्टरेटपर्यंत न्यायचे. ते पुरते साधले नाही, अजूनही मास्टर्सवर नर्स प्रॅक्टिशनर होता येते. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या शिक्षणात मात्र २०२२ पासून नव्या विद्यार्थिनींना डॉक्टरेटच घ्यावी लागते.

आणि मग 'डॉक्टर' या शब्दावरून भांडण. ही पदवी घेतलेल्या एका परिचारिकेला स्वतःला डॉक्टर म्हणवल्याबद्दल कॅलिफोर्नियात २०२२ साली दंड भरावा लागला, आणि २०२३ साली तशी पदवी घेतलेले तिघेजण कोर्टात गेले. रुग्णाचा गैरसमज होतो, असे वैद्यकातल्या डॉक्टरांचे म्हणणे. गैरसमज होऊ नये हे मलाही मान्य आहे. समोरची व्यक्ती कोण हे रुग्णाला कळलेच पाहिजे, आणि "मी अमुक, मी परिचारिका आहे" हे एक वाक्य त्याला पुरते. पण इतिहासाच्या पीएच.डी.वाल्याला डॉक्टर म्हणताना ज्यांची झोप उडत नाही, त्यांची ती एप्रनातल्या बाईमुळेच का उडावी?

हे केवळ मानापमानाचे नाही, पैशाचेही आहे. २०२५ च्या जुलैमध्ये तिथे नवा कायदा झाला. त्यानुसार २०२६ च्या जुलैपासून 'व्यावसायिक' पदवीसाठी विद्यार्थ्याला वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण दोन लाखांपर्यंत सरकारी कर्ज मिळणार. इतर पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख. मग व्यावसायिक कोण, हे ठरवायला शिक्षण खात्याची समिती बसली. नोव्हेंबरात तिने जो मसुदा मान्य केला, त्यात वैद्यक आहे, दंतवैद्यक आहे, कायदा आहे, पशुवैद्यक आहे, धर्मशास्त्रसुद्धा आहे. नर्सिंग नाही. आमचे समाजकार्यही नाही. (एम.एस.डब्ल्यू. करताना 'आपला व्यवसाय, आपली मूल्ये' यावर मी सोळा पाने लिहिली होती, त्याची आठवण झाली.) जी कामे बायकांनी आपल्या हातांनी व्यवसाय म्हणून उभी केली, ती मोजायची वेळ आली की सेवा ठरतात. सेवेला कर्ज कशाला, सेवेला तर फुले देतात. १२ मेला.

आता अर्जातल्या खऱ्या अवघड कागदाकडे येते. दोन पानांत लिहायचे असते: तुम्ही कोण, काय केले, कोणता प्रश्न सोडवायचा आहे. तिने पहिला मसुदा मला पाठवला. त्यात 'मी' जवळजवळ नव्हतीच. "डॉक्टरांच्या सूचनेनुसार", "टीमने", "आमच्या युनिटमध्ये". तेरा वर्षे अतिदक्षता विभागात काढलेली बाई, आणि सगळी क्रियापदे दुसऱ्यांची. मी फोन करून विचारले, तुझ्या वॉर्डात तुझ्यामुळे काय बदलले? बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "पाठीचे व्रण." अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर वळवण्याच्या वेळा पाळीबदलात चुकतात, हे तिच्या लक्षात आले होते. जाणारीला वाटते येणारी करेल, येणारीला वाटते जाणारीने केले असेल. तिने नोंदीचा साधा तक्ता केला, दोघींनी मिळून रुग्णाची पाठ बघूनच ड्यूटी बदलायची अशी पद्धत पाडली. व्रण कमी झाले. हे तिने लिहिले नव्हते, कारण तिला ते ज्ञान वाटतच नव्हते. "ते तर आपले कामच आहे ना गं."

मला अरुणा शानबाग आठवल्या. १९७३ साली हल्ला झाला तेव्हापासून २०१५ साली मृत्यू येईपर्यंत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणावर काढूनही त्यांच्या अंगावर व्रण झाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि २०११ च्या निकालात न्यायालयाने या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे खरे जिवलग मानले. आपण सगळ्यांनी त्या परिचारिकांच्या मायेचे कौतुक केले. कौशल्याचे किती केले? पिढ्यामागून पिढ्या बदलणाऱ्या नर्सेसनी हे कसे साधले, दर पाळीला काय केले, नवीला कसे शिकवले, हे ज्ञान म्हणून नोंदले जायला हवे. नुसत्या मायेने कातडी शाबूत राहत नाही.

आपल्याकडे परिचारिकेला वर चढायचे तर रुग्णापासून दूर जावे लागते. सिस्टर इन्चार्ज, मेट्रन, नाहीतर ट्यूटर. एम.एस्सी. आणि पीएच.डी.ची वाट आहे, पण ती वर्गाकडे जाते. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम २०१६ साली आणला, २०१८ साली केंद्राने प्रसूतिसेवेसाठी मिडवाइफ नर्स प्रॅक्टिशनरची मार्गदर्शक सूत्रे काढली. पाऊल योग्य. पण पदवी निघाली म्हणजे पद निघाले असे नसते. पद, पगार आणि अधिकार यांच्याशिवाय मिळालेली पदवी म्हणजे बाईच्या डोक्यावर ठेवलेली आणखी एक घागर.

आपल्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "ही परदेशातल्या एका मध्यमवर्गीय बाईच्या करिअरची गोष्ट. आपल्याकडे कंत्राटी नर्सेसना वेळेवर पगार नाही, त्याचे काय?" तिचे म्हणणे मी टाळत नाही. पदव्यांची शिडी उंच होते तशी खालच्या पायरीवरची आयाबाई आणखी खाली जाते, ही भीतीही खरी आहे. रुग्णाला कुशीवर वळवताना दुसऱ्या बाजूने हात लावणारी तीच असते, आणि माझ्या मैत्रिणीच्या तक्त्यावर तिची सही नव्हती. हे मी तिला सांगितले. प्रकल्पात ती सही येणार आहे. पण कंत्राटी नर्सला पगार कमी का, याचे एक कारण हेच की तिचे काम कुणालाही जमण्यासारखे आहे असे धरले जाते. हे गृहीत मोडायचे तर वॉर्डातल्या बाईने 'मी हे केले, असे केले, म्हणून असे झाले' म्हणून सांगायला हवे. पुराव्यानिशी.

मैत्रिणींनो, आपल्या सल्लाकेंद्रांनी एक काम लगेच करण्यासारखे आहे. लग्न ठरलेल्या, शिकलेल्या मुली येतात, त्यांना हुंड्याबरोबर नावाबद्दलही विचारा. नाव बदलायची कायद्याची सक्ती नाही, हे कित्येकींना ठाऊक नसते. बदललेच असेल तर विवाहाचा दाखला, राजपत्र आणि जुनी-नवी दोन्ही नावे असलेले प्रतिज्ञापत्र यांचा संच करून तिच्याच ताब्यात ठेवायला सांगा. सासूच्या कपाटात नको.

माझ्या मैत्रिणीचे लखोटे जानेवारीत पोचले. निवेदन तिने चौथ्यांदा लिहिले तेव्हा त्याची सुरुवात अशी होती: "मी परिचारिका आहे. माझ्या वॉर्डातल्या रुग्णांची पाठ मी रोज बघते." खाली सही करताना तिने विचारले, कोणते नाव घालू? दोन्ही घाल, मी म्हटले. फॉर्मवर 'पूर्वीचे नाव' असा रकाना होता. त्यात ते पुरते मावले नाही, शेवटची दोन अक्षरे बाहेर राहिली. तिने ती तशीच पाठवली.