मोठ्याचं माप धाकट्याला



घरात दोन मुलगे असले की मोठा धाकट्याची मोजपट्टी होऊन बसतो. मोठा अकराव्या महिन्यात चालला, मग हा अजून का नाही? मोठ्याला वर्षाला सहा दात होते, ह्याला दोनच कसे? चिखलदऱ्याला माझ्या धाकट्या जावेकडे दोन वर्षं हेच ऐकते आहे. तिचा मोठा साडेचार वर्षांचा, धाकटा नुकताच दोनचा झाला. मी दोन-तीन महिन्यांनी अमरावतीहून वर जाते, त्यामुळे रोज पाहणाऱ्यांच्या लक्षात न येणारा फरक मला एकदम दिसतो.

धाकटा सोळाव्या महिन्यात चालला. तोवर परतवाड्याच्या झाडून साऱ्या नातलग बायकांनी जावेला उपाय सांगून झाले होते. त्याने तर रांगणंच गाळलं, बसल्या बसल्या सरकत घरभर फिरायचा. खरं तर यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या देशासह पाच देशांतली ८१६ मुलं पाहून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. आधाराशिवाय चालणं साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही येतं, आणि शंभरातली चारेक निरोगी मुलं हातापायांवर रांगतच नाहीत. अकरावा महिनाही बरोबर आणि सोळावाही बरोबर.

आपल्याकडे तर हे फार आधीपासून आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात गर्भान्वय क्रिया सांगितल्या आहेत, त्यांत बाळाला पहिल्यांदा घराबाहेर नेण्याची बहिर्यान क्रिया आहे, आसनावर बसवण्याची निषद्या आहे, मग अन्नप्राशन, आणि वर्ष पुरं झालं की व्युष्टी. बाळ बसलं एवढ्याचाही संस्कार! बहिर्यानाचा काळ सांगताना आचार्य दोन-तीन महिने किंवा तीन-चार महिने असं म्हणतात. नवव्या शतकातल्या मुनींनी एवढी सूट ठेवली, आपण मात्र आठवड्याचा हिशेब मागतो. (लिपिसंख्यान पाचव्या वर्षी सांगितलंय, हेही जाता जाता लक्षात ठेवा. आमच्या मोठ्याच्या हातात अडीच वर्षांचा असतानाच पेन्सिल दिली होती.)

पण चालण्याचं जे सांगितलं ते बोलण्याला लावू नका, आणि आज लिहायला बसले ती त्यासाठीच. दीड वर्षाचा झाला तरी धाकटा ‘आई’ आणि ‘दे’ याच्या पुढे जात नव्हता. यावर मात्र घरात सगळे निवांत. सासूबाई म्हणाल्या, “पोट्टे उशिराच बोलतात वं.” दुसरं कारण तयारच होतं, की मोठा त्याच्या वाटचंही बोलतो. ते खोटं नव्हतं. धाकट्याने बोट दाखवायचा अवकाश, मोठा “त्याला पाणी पाहिजे” म्हणून मोकळा. आणि तिसरं, आपल्या घरांतलं नेहमीचं: ज्याचं त्याचं कर्म, वेळ आली की होईल.

या तिसऱ्याशी मी भांडते. कर्मसिद्धांत आपल्याला हात जोडून बसायला शिकवत नाही. पुरुषार्थ हा शब्दही त्याच धर्मातला आहे. मुनिमहाराजांना ताप आला तर आपण वैद्याला बोलावतो, तेव्हा कोणी कर्माचा उदय म्हणून गप्प बसत नाही. मग लेकराच्या बाबतीत का बसावं?

खरा प्रश्न विचारला तो अंगणवाडीताईंनी. मेळघाटचं नाव पेपरात कुपोषणामुळे येतं, म्हणून आपल्या दुकानदार घरांना वाटतं की अंगणवाडीचा वजनकाटा कोरकूंच्या मुलांसाठी, आपल्यासाठी नव्हे. त्यात “तिथे अंडी देतात” ही धास्ती. अहो, अमृत आहार योजनेत अंडी न खाणाऱ्या मुलांसाठी केळी आहेत, आणि वजन करायला काही खावं लागत नाही. ताईंकडे माता-बाल संरक्षण कार्ड असतं, त्यात कोणत्या महिन्यात बाळाने काय करायला हवं याची चित्रं आहेत. जावेने ते कार्ड लसीच्या तारखांपलीकडे कधी उघडलं नव्हतं. डोस द्यायला गेली तेव्हा ताईंनी विचारलं, “मागून हाक मारली तर वळून बघतो का?”

जाऊ गप्प. समोरून हाक मारली की बघायचा, हसायचा. मागून मारलेल्या हाकेकडे कोणी लक्षच दिलं नव्हतं.

घाट उतरून अमरावतीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं, दोन्हीकडे. सर्दी झालेल्या लहान मुलांत हे पुष्कळ दिसतं, आणि चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात तर सर्दी पाहुणी नसते, घरचीच असते. पाण्यात बुडी मारल्यावर आपल्याला जसं ऐकू येतं तसं त्याला महिनोन्‌महिने येत असावं. डॉक्टरांनी औषध थोडं आणि वाट पाहणं जास्त सांगितलं. बहुतेक मुलांचं पाणी आपोआप जिरतं, पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचंच, नाही जिरलं तर पुढचं बघू. ‘आपोआप’ इथेही आहे, फक्त त्याला आता तारीख आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की मोठ्याचं माप सोडा आणि कार्ड उघडा. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, मागच्या आवाजाला वळत नसेल, येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर पुढच्या पर्युषणापर्यंत थांबू नका. जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी आपलंही मूल तिथे असू द्या.

आमची दुसरी तपासणी पुढच्या महिन्यात आहे. पाणी जिरलंय की नाही ते तेव्हा कळेल. तोवर धाकट्याशी समोर बसून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोलायचं ठरलंय. मोठ्याला एकच काम दिलंय, भावाने बोट दाखवलं तरी त्याच्या वतीने बोलायचं नाही, आणि ते त्याला अजिबात जमत नाही.