नेदराइट पेटीत ठेवू नका

माइनक्राफ्टमधल्या नेदर नावाच्या जगात बादलीभर पाणी ओतलं तर त्याची क्षणात वाफ होते. पलंग टाकून झोपायला गेलं तर पलंगाचाच स्फोट होतो. लाल नेदररॅक इतका ठिसूळ, की खणता खणता शेजारचा लाव्हा कधी अंगावर येईल याचा नेम नाही. स्टॉकहोमच्या मोजांग स्टुडिओने २३ जून २०२० रोजी १.१६ ही आवृत्ती आणली आणि खेळातला सगळ्यात भारी धातू नेमका अशा ठिकाणी पुरून ठेवला. त्याआधी अवजारं आणि चिलखत यांची धाव हिऱ्यापर्यंतच होती. नेदराइट आला आणि हिरा एक पायरी खाली गेला.

दुर्मीळ वस्तू कुठल्याही खेळात असतात. प्रश्न असतो तो त्या दुर्मीळ कशामुळे आहेत याचा. काही निव्वळ नशिबामुळे, काही वेळखाऊपणामुळे, तर काही सरळ पैशामुळे. नेदराइटचं वेगळेपण असं, की तो डोकं चालवणाऱ्याला लवकर सापडतो.

नेदराइट बनतो एन्शंट डेब्रीपासून. हा ठोकळा तपकिरी, वरच्या बाजूला वेटोळ्यांची नक्षी असलेला. उघड्यावर तो जवळजवळ कधीच तयार होत नाही, चारी बाजूंनी दगडात गाडलेला असतो. म्हणजे भटकत राहून, इकडेतिकडे बघत तो हाती लागत नाही, खणावंच लागतं. त्यातही कुठे खणायचं हे कळलं पाहिजे. उंचीच्या वाय १५ या पातळीच्या आसपास तो सर्वाधिक असतो, पण तिथेही १६ बाय १६ च्या एका तुकड्यात सरासरी एक-दोनच ठोकळे. हिऱ्याच्या किंवा नेदराइटच्या पिकॅक्सशिवाय तो निघत नाही. फॉर्च्युनचा मंत्र इथे लागू पडत नाही. हिऱ्याच्या एका खनिजातून फॉर्च्युन ३ ने सरासरी २.२ हिरे पदरात पडतात, डेब्रीचा मात्र एक ठोकळा म्हणजे एकच.

खरी मजा आहे ती खेळाडूंनी शोधलेल्या युक्तीत. डेब्रीची स्फोटाला तोंड देण्याची ताकद १२००, म्हणजे ऑब्सिडियनइतकी. नेदररॅक मात्र स्फोटात भुगा होऊन जातो. मग नेदरमध्ये फुटणारा तो निरुपयोगी पलंगच हत्यार झाला. वाय १५ ला दोन ठोकळे उंचीचा सरळ बोगदा काढायचा, टोकाला पलंग ठेवायचा, स्वतःच्या आणि पलंगाच्या मध्ये एक भक्कम ठोकळा लावायचा आणि पलंगावर क्लिक करायचं. धूर विरला, आग विझली की मोकळ्या झालेल्या खड्ड्याच्या भिंतीत तपकिरी ठोकळा जसाच्या तसा दिसतो. एका पलंगाला तीन लोकरी आणि तीन फळ्या लागतात, म्हणून या मोहिमेची सुरुवात मेंढ्या पाळण्यापासून होते. शिवाय पलंग एकावर एक रचून ठेवता येत नाहीत, प्रत्येकाला इन्व्हेंटरीत वेगळा कप्पा लागतो. ज्यांच्याकडे बारूद आणि वाळू भरपूर आहे ते टीएनटी वापरतात. ते एका कप्प्यात ६४ मावतात. लाव्हाच्या धास्तीवर फायर रेझिस्टन्सचं औषध असतं. साधं तीन मिनिटं टिकतं, रेडस्टोन घातलं तर आठ मिनिटं.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर खेळाडूला काहीतरी ठरवावं लागतं. चांगल्या दुर्मीळ वस्तूची खूण हीच.

आता हिशेब. एक डेब्री भट्टीत घातला की एक स्क्रॅप मिळतो. चार स्क्रॅप आणि सोन्याच्या चार विटा मिळून नेदराइटची एक वीट होते. चिलखताचे चार भाग, तलवार, पिकॅक्स, कुऱ्हाड, फावडं आणि कुदळ या हिऱ्याच्या सगळ्या वस्तूंवर नेदराइट चढवायचा तर नऊ विटा, म्हणजे ३६ डेब्री. जून २०२३ च्या १.२० आवृत्तीने यात आणखी एक अट घातली. नुसती वीट पुरत नाही, दर वेळी एक स्मिदिंग टेम्प्लेट खर्ची पडतं. ते मिळतं नेदरमधल्या पिग्लिन या प्राण्यांच्या किल्ल्यात, बॅस्टियनमध्ये. खजिन्याच्या बॅस्टियनमध्ये हमखास, इतरत्र नशीब असेल तर. एका टेम्प्लेटची प्रत काढायला सात हिरे आणि एक नेदररॅक लागतो. नऊ वस्तूंसाठी आठ प्रती, म्हणजे ५६ हिरे.

या बदलावर बरेच खेळाडू चिडले. पण तो योग्यच होता. नेदराइट हाती आला की हिऱ्यांना कुणी विचारत नसे. आता त्यांना शेवटपर्यंत काम आहे. शिवाय बोगद्यात तासन् तास एकच एक खणणाऱ्या माणसाला बाहेर पडून बॅस्टियनमध्ये शिरावंच लागतं. तिथे अंगावर सोन्याचा एखादा तुकडा असला की पिग्लिन गप्प राहतात, पेटी उघडली की तुटून पडतात, आणि पिग्लिन ब्रूटला तर सोन्याचंही सोयरसुतक नाही.

याच खेळातली विदर सांगाड्याची कवटी मात्र दुर्मीळपणाचा वाईट नमुना आहे. विदर या बलाढ्य शत्रूला बोलावायला अशा तीन कवट्या हव्यात आणि एक सांगाडा मारल्यावर ती मिळण्याची शक्यता २.५ टक्के. तलवारीवर लूटिंग ३ चा मंत्र असेल तर ५.५ टक्के. लूटिंग नसेल तर १०० सांगाडे मारूनही एकही कवटी न मिळणारे खेळाडू शंभरात सुमारे आठ निघतात. त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नसतं. नशिबाचे पैसे घेणाऱ्या गेन्शिन इम्पॅक्ट या खेळातसुद्धा ९० वेळा प्रयत्न केल्यावर पंचतारांकित काहीतरी नक्की मिळतं. एक पैसाही न मागणाऱ्या कवटीला अशी मर्यादा घालायला काय हरकत आहे?

मिळवण्याइतकाच वापरण्याचाही मुद्दा आहे. लॉकरमधल्या दागिन्यांसारख्या नेदराइटच्या विटा पेटीत जपून ठेवणारे खेळाडू सर्रास दिसतात. आकडे पाहिले तर त्यांचं थोडं बरोबर वाटतं. हिऱ्याची पिकॅक्स १५६१ वेळा चालते, नेदराइटची २०३१ वेळा. जावा आवृत्तीत तलवारीचा घाव सातावरून आठावर जातो. फरक काही फार नाही. पण लाव्हात पडून मेलेल्या खेळाडूची हिऱ्याची सगळी मिळकत जळून खाक होते, नेदराइटच्या वस्तू जळत नाहीत, वर तरंगतात. पाच मिनिटांत परत पोचलं तर त्या उचलता येतात. हा फायदा पेटीतल्या विटेला नाही, अंगावरच्या चिलखताला आहे.

म्हणून पहिली वीट पिकॅक्सला द्यावी, कारण लाव्हाशेजारी दिवसभर हातात तीच असते. त्यानंतर छातीचं चिलखत. हिऱ्याच्या वस्तूवर आधी घातलेले मंत्र नेदराइट चढवल्यावर तसेच राहतात, तेव्हा सगळं जुळून येईपर्यंत थांबण्याचं कारण नाही. आणि मेंडिंगचा मंत्र लावलेला असेल तर अनुभवाचे गोळे गोळा करत राहिलं की ती वस्तू संपतच नाही.

कुदळीवर वीट घालवणं हा वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय आहे, त्यासाठी खेळात खास एक मानचिन्हही आहे. पण १.१६ पासून कुदळीने झाडाची पानं झटपट निघतात आणि २०२२ च्या १.१९ आवृत्तीत आलेल्या डीप डार्कमधला स्कल्क तर तिच्याइतका भराभर दुसऱ्या कुठल्याच अवजाराने साफ होत नाही. स्कल्क फोडला की अनुभवाचे गोळे मिळतात, त्यावर मेंडिंगची कुदळ आपली आपणच दुरुस्त होत राहते. नववी वीट तिला दिली तर ती वाया गेली असं म्हणता येणार नाही.