गोड्या पाण्याचे खारे वारे

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी दोन वारे पाठ केले होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. आकृती काढा, बाण दाखवा, तीन गुण घ्या. त्यानंतर आयुष्यात त्या बाणांची पुन्हा गाठ पडेल असं मला तरी वाटलं नव्हतं. यंदा जूनमध्ये ती पडली, तीही ॲन आर्बरमध्ये. इथे समुद्र नाही, आणि सबडिव्हिजनमधलं बदकांचं डबकं सोडलं तर घरातून पाणीही दिसत नाही.

माझे वडील, अण्णा, मेअखेरीस पुण्याहून आले. वय ७६, जुना दमा, खिशात कायम पंप. पुण्यात त्यांचा संध्याकाळी पाचला फिरायला जायचा नेम, कारण "पाचनंतर वारं सुटतं." तोच नेम त्यांनी गॅलप पार्कात सुरू केला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा होता की फोटो काढून नातेवाइकांना पाठवावा. आकाश निळंशार, ढग नाही, पूर्वेकडून मंद झुळूक. अण्णा तासाभराने परत आले ते खोकतच. पायऱ्यांवर बसले, पंप घेतला, तरी छाती मोकळी होईना. रात्री अर्जंट केअरला जाऊन नेब्युलायझर घ्यावा लागला. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आज बाहेर होतात का?" अण्णांना तो प्रश्नच पटला नाही. मला म्हणाले, "अगं, इथे धूळ नाही, धूर नाही. तुमची हवा तर धुतल्यासारखी आहे."

फोनवर पाहिलं तर हवेचा निर्देशांक शंभराच्या वर, रंग नारिंगी, आणि खाली कारण लिहिलेलं: ओझोन.

या वायूची पंचाईत अशी की तो दिसत नाही. खूप उंचावरचा ओझोन आपल्याला उन्हापासून वाचवतो, त्याच्याशी याचा संबंध नाही. जमिनीलगतचा ओझोन कोणी सोडत नाही, तो शिजतो. गाड्या आणि वीजकेंद्रांतून येणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, पेट्रोल, रंग, सॉल्व्हंट यांच्या वाफा, आणि वरून कडक ऊन. हे सगळं दुपारभर आकाशात रटरटलं की दुपारी उशिरा ते संध्याकाळपर्यंत ओझोन सर्वात जास्त भरतो. म्हणजे नेमकी अण्णांची फिरायची वेळ. तो श्वासनलिकेला आतून चिडवतो, आणि दमेकऱ्याला ते लगेच जाणवतं. आपण कोविडात घेतलेले मास्क इथे निरुपयोगी आहेत, कारण ते कण अडवतात, वायू नाही.

आता त्या पूर्वेच्या झुळुकीकडे येऊ. ॲन आर्बरपासून ईरी सरोवराचा किनारा सुमारे ५५ किलोमीटर, सेंट क्लेअर साधारण ७०, ह्यूरॉन १३०च्या पुढे, आणि पश्चिमेला मिशिगन सरोवर २०० किलोमीटरवर. (आपल्या गावातून वाहणारी ह्यूरॉन नदी ह्यूरॉन सरोवराला न जाता ईरीला मिळते. नावावर जाऊ नये.) उन्हाळ्यात दिवसा जमीन झपाट्याने तापते, पाणी मागे राहतं. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा भरायला सरोवरावरची थंड हवा आत सरकते. भूगोलाच्या पुस्तकातलाच बाण, फक्त मीठ नाही.

मला आधी वाटायचं, हा वारा किनाऱ्यावरच्या बंगल्यांपुरता असेल. तसं नाही. २००७च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी विंडसरच्या आसपास, म्हणजे डेट्रॉइट नदीच्या पलीकडच्या काठाला, मोठी मोजणी केली. अभ्यासाच्या ९० टक्के दिवशी कुठल्या ना कुठल्या सरोवराचा वारा सापडला, आणि काही वेळा त्याची आघाडी १०० ते २०० किलोमीटरपर्यंत आत शिरली होती. आधी समजत होते त्यापेक्षा हे जास्त होतं, आणि त्यात आपला आग्नेय मिशिगनही येतो. एरवी आपल्याकडे उन्हाळ्यात नैऋत्येचा वारा असतो, तो या झुळुकीला मागे रेटतो. पण ज्या दिवशी तो मंदावतो, त्या दिवशी ईरीचा वारा दुपारी उशिरा आपल्या अंगणापर्यंत येऊ शकतो. आणि येतो तो डेट्रॉइटच्या दक्षिणेची कारखान्यांची पट्टी, मनरोचं कोळशाचं वीजकेंद्र आणि आय-७५ वरची रहदारी ओलांडून.

सरोवरावर नेमकं काय घडतं हे आधी मिशिगन सरोवराच्या काठी कळलं. १९७०च्या दशकात वॉल्टर लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो आणि मिलवॉकीच्या किनाऱ्यावर हे वारे बारकाईने तपासले. पहाटे जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा, आपला मतलई, शहराचा सकाळचा धूर सरोवरावर नेऊन ठेवतो. मे-जूनमध्ये पाणी गार, त्यामुळे त्यावरची हवा जड आणि थरासारखी बसून राहते, वरच्या हवेत मिसळत नाही. झाकण लावलेलं पातेलंच. वरून ऊन, आतमध्ये मसाला, आणि ओझोन खाऊन टाकायला झाडंही नाहीत. दुपारी वारा उलटतो आणि ते पातेलं किनाऱ्यावर ओततो. म्हणून शिकागोपासून दूर, सुंदर वाळूच्या किनाऱ्यावर वसलेल्या शिबॉयगनला ओझोनचे आकडे शिकागोपेक्षा वाईट येतात. आपल्या बाजूला हॉलंड, मस्किगन आणि ॲलेगन काउंटीचं हेच दुखणं आहे. ट्युलिप पाहायला आपण तिकडे जातो तेव्हा हे कोणी सांगत नाही. २०१७च्या मे-जूनमध्ये यासाठी विमानं, बोटी आणि किनाऱ्यावरची उपकरणं वापरून मोठी मोहीम झाली.

आपल्या बाजूची मोहीम २०२१ आणि २०२२मध्ये झाली. मिशिगन, ऑन्टारिओ आणि दोन्ही देशांच्या केंद्रीय खात्यांनी मिळून केलेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नाव 'मूस'. त्यांच्या डोक्यात इथला शिंगवाला प्राणी असणार, माझ्या डोक्यात सोनाराची मूस आली, आणि तीच मला जास्त योग्य वाटते. तिच्या एका भागाचा विषयच हा होता की सरोवरांचे वारे ओझोन इकडून तिकडे कसे फिरवतात. तो सीमेपलीकडे जातो आणि परतही येतो. व्हिसा नाही, शिक्का नाही.

हा सगळा खटाटोप केवळ कुतूहलाचा नाही. आठ तासांच्या सरासरीला ७० पीपीबी, म्हणजे अब्जात सत्तर भाग, ही २०१५ची मर्यादा आहे. ती न पाळल्यामुळे २०१८मध्ये आग्नेय मिशिगनच्या सात काउंट्या, आपली वॉशटनॉ धरून, नापास यादीत गेल्या. मे २०२३मध्ये त्यांना पास केलं गेलं. ते करताना डेट्रॉइटच्या ईस्ट सेव्हन माइल केंद्रावरचे जून २०२२चे दोन दिवस मोजणीतून वगळले, कारण तेव्हा वणव्याचा धूर आला होता असं राज्याचं म्हणणं. पर्यावरण गटांना ते मान्य झालं नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं. नियमाप्रमाणे वगळणं बसत असेलही. पण ज्या मुलाला त्या दोन दिवसांत दम लागला, त्याच्या फुप्फुसांना तो दिवस वगळता आला नाही. माझं मत या बाबतीत अण्णांमुळे पक्षपाती आहे, हे मान्य.

वादळांची गोष्ट जास्त मजेची आहे. जुलैत आम्ही चार कुटुंबं लेक ईरी मेट्रोपार्कला गेलो होतो. दिवसभर किनाऱ्यावर लख्ख ऊन, ढगाचा ठिपका नाही. भेळ संपली, पोरं भाजून निघाली. परतताना यूएस-२३ वर समोर काळीकुट्ट भिंत उभी, आणि घरी पोचलो तर अंगणात दोन इंच पाणी, शेजारच्या मेपलची फांदी ड्राइव्हवेवर. फार्मिंग्टन हिल्सच्या मैत्रिणीकडे थेंब नाही. अण्णा म्हणाले, "हा तर वळीव!"

अण्णा बरोबर होते. सरोवराची थंड हवा आत शिरते तेव्हा तिची पुढची कड पाचरीसारखी चालते आणि समोरच्या गरम दमट हवेला वर उचलते. त्या कडेवर ढग उभे राहतात, आणि कडेच्या मागे, पाण्याच्या बाजूला, आकाश मोकळं राहतं. उन्हाळ्यातल्या दुपारचं उपग्रहाचं चित्र पाहा: सगळ्या मिशिगनवर कापसाचे पुंजके आणि सरोवरांभोवती स्वच्छ किनार, रांगोळीला हात लावून पुसल्यासारखी. आमची सहल त्या किनारीत होती. व्हाइट लेकच्या हवामान केंद्राच्या रडारवर ही कड कधी पाऊस नसतानाही बारीक रेघेसारखी दिसते, कारण वर चढणाऱ्या हवेत किडे गोळा होतात.

खरी गंमत दोन कडा एकमेकींना भेटतात तेव्हा. ईरीचा वारा दक्षिणेकडून, सेंट क्लेअरचा पूर्वेकडून, ह्यूरॉनचा उत्तरेकडून, आणि मध्ये आपण. दोन वारे आपटले की हवेला वरच जावं लागतं, आणि तिथे विजांचा ढग उभा राहतो. कड दहा किलोमीटर इकडे सरकली तर कँटन भिजतं, तिकडे सरकली तर नोव्हाय. कॅनडाच्या त्याच अभ्यासात संगणकाचं प्रारूप वारा येणार हे अचूक सांगत होतं, पण नेमका कुठे, किती वाजता आणि वादळ कुठे उठणार यात चुकत होतं. फोनवरच्या '३० टक्के पाऊस' याचा अर्थ एवढाच. सह्याद्रीच्या माथ्यावर एप्रिल-मेमध्ये समुद्राचा दमट वारा देशावरच्या कोरड्या गरम हवेला भेटतो आणि कोल्हापूर-साताऱ्याकडे वळीव कोसळतो, त्याचीच ही सपाट मैदानावरची भावंडं. मुंबईतही फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्राचा वारा यायला दुपार उलटली की पारा कसा चढतो, हे तिथल्यांना ठाऊक आहे.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. या सरोवरांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची मोठी प्रयोगशाळा १९७४पासून आपल्याच गावात आहे, स्टेट रोडवर. सरोवरांच्या पृष्ठभागाचं रोजचं तापमान त्यांच्या संकेतस्थळावर नकाशात मिळतं. अण्णांना ते दाखवलं आणि त्यांना नवा नाद लागला. चहाबरोबर आधी ईरीचं पाणी किती, मग दुपारचं तापमान किती, वारा कुठला, आणि शेवटी निर्देशांक. तोही नुसता आकडा नाही, कारण ओझोन की कण हे पाहायचं. ओझोन असेल तर फिरणं सकाळी आठच्या आत, दुपारी खिडक्या बंद. वणव्याचा धूर असेल, जसा जून २०२३च्या अखेरीस होता, तर सकाळ-संध्याकाळ हा हिशेब चालत नाही. तेव्हा घरात राहायचं किंवा चांगला मास्क लावायचा, तिथे तो उपयोगी पडतो. या नियमावर जुलै-ऑगस्ट पंप जवळजवळ न वापरता गेले. ज्यांचे आईवडील पुढच्या उन्हाळ्यात येणार आहेत त्यांनी ही यादी फ्रिजवर लावायला हरकत नाही. मेघगर्जना ऐकू आली की क्रिकेट थांबवून गाडीत बसायचं, हे आपल्या शनिवारच्या मंडळींसाठी. शेवटची ओव्हर राहू दे.

ईरी उथळ आहे, विशेषतः आपल्या बाजूचं टोक, तिथे सरासरी खोली सात-साडेसात मीटरच. ते ऑगस्टपर्यंत तापून जातं आणि जमिनीशी फरक कमी होतो, म्हणून हे वारे उन्हाळ्याच्या पूर्वार्धात जास्त जोरकस. अण्णांनी हे वहीत लिहून ठेवलंय. परवा विचारत होते, "आता ऑक्टोबरात पाणी गरम आणि जमीन गार, मग वारे दिवसाही मतलईच का?" म्हटलं, बऱ्याचदा हो, आणि अजून थंडी वाढली की तेच गरम पाणी पश्चिम किनाऱ्यावर फूटफूटभर बर्फ पाडतं. ते बघायला त्यांना थांबायचं आहे. तिकीट नोव्हेंबरच्या बावीस तारखेचं आहे, आणि आईचा पुण्याहून रोज फोन येतो.