तीन तास कोणाचे?

‘अ‍ॅनिमल’ 2023 च्या डिसेंबरात लागला तेव्हा मी पनवेलला बहिणीकडे होतो. कॉलेजात जाणारा भाचा हट्टानं घेऊन गेला. 3 तास 21 मिनिटं, वर मध्यंतर. दुपारी आत गेलो, बाहेर आलो तेव्हा असर आणि मगरिब दोन्ही हुकल्या होत्या. (तो दोष माझा, सिनेमाचा नव्हे.) मी कुरकुर केली तर भाचा म्हणतो, “मामू, मोठ्या सिनेमाला वेळ लागतोच.”

हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. ‘पुष्पा 2’ ला लोक हेच म्हणाले, साडेतीन तासांच्या ‘धुरंधर’लाही हेच. लांबी म्हणजे भव्यता, आणि तक्रार करणारा तो रीळं बघून बिघडलेला. माझं म्हणणं आहे, हा शुद्ध कांगावा आहे.

लांबीची भीती मला कोणी घालू नये. मी शिवथरचा. आमच्या भागात शक्ती-तुऱ्याची बारी रंगली की पहाट होते. म्हातारी माणसं घोंगडी पांघरून बसतात, पोरं तिथंच झोपतात, उठून पुन्हा ऐकतात. आमच्या मोहल्ल्यातले लोकही त्यात असत. गावाजवळच घळ आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ इथं सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला असं मानतात. 20 दशकं, 200 समास, साडेसात हजारांवर ओव्या. ग्रंथ लांब आहे, पण प्रत्येक समासाला नाव आहे. हा भाग कशासाठी आहे, ते आधी सांगायचं आणि मग बोलायचं. वाचणारा कुठंही थांबू शकतो, आणि लिहिणाऱ्याला दोनशे वेळा हिशेब द्यावा लागतो.

परतताना महाडपर्यंतच्या एसटीत मी ‘अ‍ॅनिमल’चे समास पाडून बघितले. नायक रागावतो. नायक चालत येतो. नायक सिगारेट ओढतो. नायक पुन्हा रागावतो. बिरवाडीची गाडी लागेपर्यंत माझी नावं संपली होती, सिनेमा मात्र निम्माच झाला होता. दिग्दर्शक संदीप रेड्डी वांगा यांनी संकलनही स्वतःच केलं आहे. आपल्याच हातानं आपलंच पीक कापायचं म्हटलं की विळा बोथट होतो.

आता खरी गोष्ट. त्या 201 मिनिटांत अबरार नावाचं एक पात्र आहे. मध्यंतर उलटून गेल्यावर कधीतरी उगवतं. त्याला वाचा नाही. तिसरं लग्न लागतंय, आणि त्याच लग्नात तो माणूस मारतो. एवढी त्याची ओळख. नायकाच्या बापाविषयीच्या रागाला तासन्‌तास आणि अबरारला काही मिनिटं, तीही तोंड बंद ठेवून. म्हणजे वेळ नव्हता असं नाही. वेळ भरपूर होता, तो आमच्यावर खर्च करायचा नव्हता.

‘शोले’ही लांबच, जवळपास साडेतीन तासांचा. त्यात आंधळे इमामसाहेब आहेत, ए. के. हंगल. त्यांचा अहमद, म्हणजे आपला सचिन पिळगावकर, नोकरीसाठी शहरात जायला निघतो आणि त्याचं प्रेत परत येतं. कथेची गाडी या बापलेकांवाचूनही चालली असती. आजचा एखादा हुशार निर्माता म्हणेल, काढा हे, दहा मिनिटं वाचतील. पण मग गब्बरनं नेमकं काय हिरावलं, हे रामगढला कळलं असतं का? ‘लगान’ पावणेचार तासांचा. त्या लांबीतच इस्माईल कुंभाराला संघात जागा मिळाली, आणि अस्पृश्य कचऱ्यालाही. अकरा माणसं ओळखीची व्हायची तर वेळ लागणारच. तिथं कात्री लावा म्हणणाऱ्याशी मी भांडेन.

आणि ‘सैराट’. 2 तास 54 मिनिटं. त्यातला सल्या आठवा. परशाचा मित्र, सलीम शेख. करमाळ्याकडची मराठी बोलतो, विहिरीत उड्या मारतो, मित्रासाठी मार खातो. त्याच्या मुसलमान असण्यावर सिनेमा एकही भाषण देत नाही. शेवटी नागराज मंजुळे हैदराबादेतला डोसा, खोली, संशय, भांडण, समेट सगळं सावकाश दाखवतात. तेव्हा लोक म्हणत होते, उत्तरार्ध ताणलाय. मला तर तो तसा नसता तर शेवट नुसता धक्का वाटला असता. संसार उभा राहिलेला पाहिल्याशिवाय तो मोडल्याचं दुःख कसं होणार?

थिएटरचा हिशेबही आहेच. एका पडद्यावर दिवसभरात दोन तासांचे पाच-सहा खेळ बसतात, साडेतीन तासांचे तीन-चार. सुट्टीच्या आठवड्यात मोठ्या सिनेमाला पडदे वाढवून दिले जातात, आणि मराठी सिनेमा सकाळी नऊच्या खेळाला जाऊन बसतो. आमच्यासारख्या गावच्या माणसाला तर सिनेमा किती वाजता सुटतो यापेक्षा शेवटची एसटी किती वाजता सुटते हे आधी बघावं लागतं.

‘धुरंधर’ लागला तेव्हा भाच्याचा पुन्हा फोन आला होता. “मामू, ल्यारीची गोष्ट आहे, सगळी आपलीच माणसं आहेत त्यात!” मी विचारलं, “त्यातलं कोणी कुंभारकाम करतंय का रे?” तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, “नाही, सगळे गोळ्याच मारतात.”